काकरापारचा मेसेज आणि मिठाचं पाणी

"काकरापारला गळती झालीय, वारा बडोद्याकडे आहे, गळ्याला बेटाडीन लावा, चार थेंब पोटात घ्या, मीठ भरपूर खा, पोरांना सांभाळा." हा मेसेज फिरत फिरत बडोद्याच्या दांडियाबाजारात आमच्या मावशीपर्यंत आला आणि ती खरंच सकाळ-संध्याकाळ मिठाचं पाणी प्यायला लागली. तिला बीपी आहे. काकरापार म्हणजे गुजरातमधला अणुवीज प्रकल्प. मेसेजमध्ये पुढे आणखीही दावे होते, पण त्यावर ना तारीख, ना कुणाचं नाव. डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

आधी मिठाचंच. मोठ्या अपघातात अणुभट्टीतून किरणोत्सर्गी आयोडीन बाहेर पडू शकतं आणि ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं, हे बरोबर. थायरॉइड आधीच साध्या आयोडीनने भरलेली असेल तर ते आत कमी शिरतं, म्हणून अशा वेळी पोटॅशियम आयोडाइडची गोळी देतात. मोठ्या माणसाची गोळी 130 मिलिग्रामची, त्यात आयोडीन साधारण 100 मिलिग्राम. आता घरातलं मीठ बघा, किलोमागे आयोडीन 15 ते 30 मिलिग्राम. म्हणजे एका गोळीइतकं आयोडीन हवं तर तीन ते साडेसहा किलो मीठ खायचं! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. तीच संघटना हेही सांगते की ही गोळी फक्त थायरॉइड वाचवते, बाकी शरीराला तिचा उपयोग नाही आणि प्रशासनाने सांगितल्याशिवाय ती घ्यायची नाही. बेटाडीन हे आयोडीन असलेलं, पण जखमेवर लावायचं औषध आहे, पोटात घ्यायचं नाही, आणि गळ्याला चोळून गोळीचं काम होत नाही. 2011 मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पातल्या अपघातानंतर फिलिपिन्समध्ये हाच बेटाडीनचा मेसेज फिरला होता, चीनमध्ये लोकांनी दुकानातलं मीठ संपवलं होतं. तेच आता गावाचं नाव बदलून आपल्याकडे.

"भट्टी अणुबॉम्बसारखी फुटेल" म्हणे. काकरापारला इंधन म्हणून नैसर्गिक युरेनियम वापरतात, त्यात कामाचं युरेनियम-235 फक्त 0.7 टक्के, बॉम्बला ते 90 टक्क्यांच्या आसपास लागतं. तसा स्फोट तिथे होऊच शकत नाही.

"बडोद्यात छाणीजवळच्या हेवी वॉटर प्लांटमध्ये लपवलेली भट्टी आहे" हेही खोटं. तो जड पाणी, म्हणजे जड हायड्रोजन असलेलं, अणुभट्टीत वापरायचं पाणी, बनवायला उभारलेला रासायनिक कारखाना, भट्टी नाही. ताजं जड पाणी किरणोत्सर्गी नसतं, नळाच्या पाण्यातही ते अगदी थोडं असतंच.

आता जे खरं आहे ते मान्य करतो. 11 मार्च 2016 ला काकरापारच्या पहिल्या युनिटमध्ये कूलंट चॅनेलमधून, म्हणजे भट्टी थंड ठेवणारं पाणी वाहतं त्या नळीतून, जड पाणी गळलं होतं, भट्टी आपोआप बंद झाली, प्लांटमध्ये इमर्जन्सी जाहीर झाली, आणि चॅनेल बदलून ते युनिट सुरू व्हायला 2019 उजाडलं. बाहेर किरणोत्सर्ग वाढला नाही. पण ही माहिती साध्या गुजराती-मराठीत घरोघरी कुणी पोचवली नाही, आणि लोकांच्या मनात नुसतं "गळती" एवढंच राहिलं. हा दोष माझ्या मते यंत्रणेचाच.

शेवटचा मुद्दा, "शाळेत पोरांना अणुऊर्जेचा प्रचार शिकवतात." कुठे शिकवतात? एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून ऊर्जेच्या स्रोतांचा धडाच काढला, त्यातच अणुविखंडन, म्हणजे अणू फोडून ऊर्जा मिळवणं, होतं. माझ्या भाचीला युरेनियम-235 हा शब्द पहिल्यांदा या मेसेजवरून वाद झाला तेव्हा कळला. तिच्या वर्गात हा मेसेज फळ्यावर लिहून एकेक वाक्य तपासायला लावा, मिठाच्या गणितापासून सुरुवात करा, दहावीच्या कुठल्याही पोराला ते पाच मिनिटांत जमेल.