स्वस्त पिस्तूल, तीन अडथळे आणि आपली हरकत

आदरणीय फौजदार साहेब,

सप्रेम नमस्कार. कमी किमतीच्या, पोलिमर फ्रेमच्या (म्हणजे मजबूत प्लास्टिकच्या सांगाड्याच्या) ९ मिमी पिस्तुलावरील माझ्या लेखाला आपण नंदुरबारहून पाठवलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ५०० राउंडांत, म्हणजे ५०० काडतुसे झाडताना, ३ वेळा अडकलेल्या पिस्तुलाला मी 'पोलीस कामास योग्य' म्हटले, त्या अडथळ्यांचे खापर मॅगझिनवर, म्हणजे काडतुसे भरायच्या पेटीवर, फोडून कंपनीला मोकळे सोडले, आणि आपली रिव्हॉल्व्हर ३० वर्षांत एकदाही अडकली नसताना अंमलदाराच्या हाती स्वस्त माल देण्याची भाषा केली, असे आपले म्हणणे आहे. यातील शेवटचा मुद्दा मला मान्य नाही. पहिल्या दोन मुद्द्यांनी मात्र मला माझीच वही पुन्हा उघडायला लावली.

प्रथम रिव्हॉल्व्हरविषयी. तिच्यात एखादे काडतूस फुसके निघाले तर चाप पुन्हा ओढायचा, सिलिंडर फिरतो आणि पुढचे काडतूस घोड्यासमोर येते. पिस्तुलाचे तसे नाही. ते स्वतःच्याच काडतुसाच्या जोरावर चालते. स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे जाणे, रिकामी पुंगळी बाहेर पडणे, पुढचा राउंड चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खोबणीत) चढणे, हे सगळे त्या एका स्फोटाच्या बळावर होते. त्यामुळे काडतूस मंद असो, स्प्रिंग नवी आणि ताठर असो की मनगट ढिले असो, दोष लगेच उघडा पडतो. शिवाय, लहान तोंडी मोठा घास होईल, पण एवढे विचारतोच : त्या ३० वर्षांत आपल्या रिव्हॉल्व्हरमधून एकूण किती राउंड गेले असतील? वार्षिक सराव, एखाद-दुसरा बंदोबस्त आणि बाकी सगळा काळ होल्स्टरमध्ये किंवा कोतमध्ये, म्हणजे ठाण्याच्या शस्त्रखोलीत. शस्त्रागारात माझी नोकरी गेली, म्हणून सांगतो, जे शस्त्र फारसे चालतच नाही त्याची तक्रारही येत नाही.

आता त्या पिस्तुलाच्या प्रात्यक्षिकाच्या दिवसाविषयी. मी स्वतः एकही राउंड मारला नाही, हे आपण बरोबर हेरले आहे. ९ मिमी हे प्रतिबंधित बोअर आहे आणि निवृत्तीनंतर त्याला हात लावण्याचा मला अधिकार नाही. म्हणून धुळ्याजवळच्या मैदानावर मी फायरिंग लाइनच्या मागे खुर्ची टाकून, वही घेऊन बसलो होतो. दोन पिस्तुले, सहा मॅगझिन, आणि मॅगझिनच्या बुडाला पांढऱ्या रंगाने घातलेले आकडे. चार नंबरच्या मॅगझिनमध्ये राउंडचे नाक खाली झुकून तो चेंबरच्या तोंडाशी अडला. तेच मॅगझिन दुसऱ्या पिस्तुलात घातले, तर दहा मिनिटांत तोच प्रकार तिथेही झाला. दोष मॅगझिनबरोबर चालत गेला, म्हणजे तो मॅगझिनच्या ओठांचा (वरच्या वळवलेल्या कडांचा) किंवा स्प्रिंगचा, असे मी लिहिले. ते निदान आजही मला बरोबर वाटते. पण मॅगझिन कंपनीनेच दिले होते, आणि वेळ आल्यावर अंमलदार चार नंबर बाजूला ठेवून पाच नंबर शोधत बसणार नाही, हे आपले म्हणणे बिनतोड आहे.

तिसरा अडथळा वेगळा होता. एका नवख्या शिपायाच्या हाती पुंगळी बाहेर पडण्याऐवजी स्लाइडच्या तोंडात चिलमीसारखी उभी राहिली. त्याने पिस्तुलाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "नाना, चाप भलता जड शे." चाप जड होताच, आणि तो ओढताना त्याचे मनगट सैल पडत होते. पोलिमर फ्रेम हलकी असते. मागून घट्ट आधार नसेल तर फ्रेमच स्लाइडबरोबर मागे सरकते आणि स्लाइडचा फेरा अपुरा राहतो. इशापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीचे १ए, म्हणजे १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातले १३ राउंडांचे पोलादी पिस्तूल, आपल्या वजनामुळे अशी चूक बऱ्याच अंशी पोटात घालते. काडतुसांचाही संशय होता. वरणगावच्या फॅक्टरीमुळे काडतूस हा शब्द आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो, पण तिथला मुख्य माल रायफलचा. ९ मिमीची पुंगळी उलटी केली तर बुडावर बहुधा खडकीच्या फॅक्टरीची 'केएफ' अक्षरे दिसतात. त्या दिवशीची पेटी कोणत्या सालची होती, ते मी टिपून घेतले नाही. ही चूक माझी.

'चांगली विदेशी पिस्तुले अशी अडत नाहीत' हे आपले वाक्य मात्र कागदावर टिकत नाही. अमेरिकी लष्कराने जानेवारी २०१७ मध्ये सिग सॉअरचे पी३२० निवडले. गरज होती सरासरी २००० राउंडांमागे एक अडथळा. चाचणीत साध्या बॉल (पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी असलेल्या) काडतुसांवर हे प्रमाण ३४३ राउंडांमागे एक असे निघाले, आणि त्यातले बरेच अडथळे शेवटच्या राउंडनंतर स्लाइड उघडी न राहण्याचे, म्हणजे पकडताना बोट स्लाइड कॅचवर (स्लाइड उघडी अडवून धरणाऱ्या खिट्टीवर) दाबले गेल्याचे होते. त्या खरेदीत किंमतही बोललीच : सिगचा देकार सुमारे १७ कोटी डॉलरचा, तर ग्लॉकचा सुमारे २७ कोटींचा होता. याचा अर्थ ५०० ला ३ हे चांगले प्रमाण आहे असा नाही. ते १६७ ला एक पडते आणि ते वाईटच आहे. पण अडथळा कशामुळे आला हे न पाहता नुसत्या नावावर किंवा किमतीवर निकाल देता येत नाही, एवढेच मला म्हणायचे होते.

त्याच पी३२० च्या बाबतीत पुढे जे घडले, त्याचा उल्लेख आपण केला नाही, पण तो आपल्याच बाजूचा आहे. प्रचलित ड्रॉप टेस्ट (पाडून पाहण्याची चाचणी) उत्तीर्ण झालेले हे पिस्तूल एका विशिष्ट कोनात मागच्या बाजूवर पडले तर चाप न ओढता सुटते, असे ऑगस्ट २०१७ मध्ये समोर आले आणि कंपनीला चापाचे भाग बदलून द्यावे लागले. आमच्या प्रात्यक्षिकात ड्रॉप टेस्ट झालीच नव्हती, आणि तिचा अभाव मी लेखात नोंदवलाही नाही. मोटारसायकलवरून उतरताना, शिवारात पाठलाग करताना पिस्तूल पडतेच. म्हणून 'पोलीस कामास योग्य' हे शब्द मी मागे घेत आहे आणि मूळ लेखात त्याजागी 'पुढील चाचणीस पात्र' असा बदल केला आहे.

किंमत कमी म्हणून पिस्तूल बाद, हे मात्र मी मान्य करणार नाही. निविदेत निकष कच्चे ठेवले की सर्वांत कमी बोलीवाल्याचा माल गळ्यात पडतो, ही आपली भीती खरी आहे. पण त्यावर उपाय निकष पक्के करणे हा आहे. वाचलेल्या पैशांतून सरावाची काडतुसे, जादा मॅगझिन आणि दर काही हजार राउंडांनी बदलायच्या स्प्रिंगा आल्या, तरच त्या बचतीला अर्थ आहे. नाही तर आपलेच म्हणणे खरे ठरेल. पोलीस भरतीत ३० टक्के जागा महिलांसाठी आहेत, त्यामुळे मुठीच्या मापाचाही विचार करावा लागतो. त्या दिवशी एका महिला अंमलदाराचे बोट सर्वांत लहान बॅकस्ट्रॅप (मुठीच्या मागची बदलता येणारी पट्टी) लावल्यावरच चापावर नीट पोहोचले. १ए च्या बाबतीत अशी सोयच नाही.

पुढचे प्रात्यक्षिक झाले तर माझ्याकडून चार मागण्या जातील : प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) असलेली पण दारू आणि गोळी नसलेली पुंगळी चेंबरमध्ये घालून काँक्रीटवर वेगवेगळ्या कोनांत पाडणे, कोतमधल्या जुन्या साठ्याच्या काडतुसांवर निम्मी चाचणी, प्रत्येक मॅगझिनची स्वतंत्र नोंद, आणि हे सगळे मे महिन्यात, भुसावळकडच्या ४५ अंशांत आणि धुळीत, जादा तेल न घालता. पाचवी मागणी आपल्याला सुचली तर अवश्य कळवावी.

आपला नम्र