टॉवेल सगळ्यांचा, खाज ज्याची त्याची

महाविद्यालयाच्या वसतिगृहात नव्याने राहायला येणाऱ्यांना प्रकृती कशी सांभाळावी हे कोणी नीट सांगत नाही. गेल्या दोन महिन्यांत या विषयातला अधिकार माझ्याकडे आपोआप चालून आला असल्यामुळे, बोटांच्या बेचक्यांत मलम लावलेल्या हातांनी मी आपल्यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे.

पहिली गोष्ट झोपेची. प्रौढ माणसाने रात्री किमान ७ तास झोपावे असे डॉक्टर सांगतात, परंतु त्यांच्या खोलीत पहाटे २ वाजता मोठ्या आवाजात सामना पाहणारा सोबती राहत नाही. आपण कॉफी प्यावी हे उत्तम. तिच्यातले निम्मे कॅफीन शरीराबाहेर पडायला साधारण ५ तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी ७ वाजता घेतलेला कप मध्यरात्रीही निम्मा शिल्लक असतो. वसतिगृहात इतकी टिकून राहणारी दुसरी वस्तू मी पाहिलेली नाही.

साबण ज्याने संपवला त्यानेच आणावा, हे तत्त्व कदापि सोडू नये. तो कोणी संपवला याचा निकाल लागेपर्यंत मजल्यावरच्या सर्वांचे जुलाब उरकून जातात.

शिजवलेले अन्न २ तासांहून अधिक काळ उघड्या हवेत ठेवू नये, असा एक भित्रा समज आहे. आपण रात्रीचा डबा पलंगाखाली सरकवावा आणि सकाळी वास घेऊन निर्णय करावा. पोट बिघडवणाऱ्या जंतूंना बहुधा वास नसतो, पण निदान आपले नाक मोकळे आहे एवढे तरी कळते.

सर्दी झाल्यास शेजारच्या खोलीत कोणाच्या तरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या मिळतात, त्या घ्याव्यात. सर्दी विषाणूंमुळे होते आणि या गोळ्यांचा विषाणूंवर परिणाम होत नाही, हा तपशील गौण आहे. अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात असा इशारा पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेलच्या व्याख्यानात दिला होता खरा, पण दुसऱ्या दिवशी त्यांची तोंडी परीक्षा नसावी.

आता टॉवेल. वसतिगृहात टॉवेल ही सार्वजनिक मालमत्ता असते. दोरीवर जो कोरडा दिसेल तो आपला समजावा, अंग पुसावे आणि ओलाच परत टाकावा. सोबती सुटीला गावी गेला की त्याच्या गादीवर, त्याच्याच पांघरुणात झोपावे, आणि चित्रपट पाहायचा झाल्यास चौघांनी एकाच पलंगावर अंगाला अंग लावून बसावे, म्हणजे मैत्री वाढते. मैत्रीबरोबर आणखी एक गोष्ट वाढते, ती म्हणजे खरूज. ती ज्याच्यामुळे होते तो कोळ्याच्या कुळातला आठ पायांचा जीव अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो, त्याची मादी आपल्या कातडीत बोगदा खणते आणि दररोज दोन-तीन अंडी घालते. तो प्रामुख्याने अंगाला अंग लागून पसरतो, पण पांघरूण आणि टॉवेल यांचेही त्याला वावडे नाही. त्याची खरी हुशारी अशी की पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला ४ ते ६ आठवडे काहीच जाणवत नाही, आणि तेवढ्या अवधीत तो माणूस मजलाभर मैत्री वाढवत फिरतो.

आमच्या खोलीत आम्ही तिघे राहतो. डॉक्टरांनी ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम लिहून दिले आणि स्पष्ट बजावले, की तिघांनीही एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचे, सकाळी धुवायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे. तिघांसाठी ट्यूब मी आणल्या. कपडे आणि चादरी कढत पाण्यातून काढल्या, जे धुता येत नव्हते ते पिशवीत घट्ट बांधून ठेवले. दोघांनी मलम लावले. तिसरे महाशय म्हणाले, “मला कुठे खाजतंय?” हेच महाशय रात्री १ वाजता झोपेत खराखरा खाजवतात, आवाज भिंतीपलीकडच्या खोलीत जातो, आणि सकाळी शपथेवर नाकारतात. मग त्यांनी कोणा मित्राकडून स्टेरॉइडचे मलम आणून लावले, ज्याने खाज आणि पुरळ दबते पण किडे जिवंत राहतात, आणि गुळगुळीत झालेला हात दाखवून मला आरोग्याचे धडे दिले. तीन आठवड्यांनी माझी खाज जेमतेम ओसरली होती. त्या सकाळी माझा धुतलेला टॉवेल ओला सापडला, आणि चौथ्या दिवशी मनगटावर नव्या रेघा उमटल्या. दुसऱ्या वेळी लक्षणे दिसायला महिना लागत नाही, एक ते चार दिवस पुरतात. दरम्यान मी अंघोळ करत नाही, अशी बातमी त्यांनी मेसमध्ये पसरवली होती. रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते हे त्यांना कोण सांगणार? रेक्टरांनी आम्हाला आपापसांत मिटवून घेण्याचा सल्ला दिला, जणू काही भांडण पंख्याच्या वेगावरून चालले आहे.

अरे, यात कसला पुरुषार्थ आहे? तुला खाजत नसेल तरी तू इतरांना देतोस, एवढे कळायला वैद्यकशास्त्राची पदवी लागत नाही. तू औषध लावले नाहीस म्हणून दोन माणसांचे तीन आठवडे, रात्रीची झोप आणि ऐन परीक्षेचा अभ्यास वाया गेला, आणि वर तू आमच्याच स्वच्छतेवर बोलतोस. आजारी पडणे हा गुन्हा नाही. ठाऊक असूनही आजार लपवून दुसऱ्याच्या अंथरुणात शिरणे हा मात्र निखालस निर्लज्जपणा आहे, आणि असे निर्लज्ज प्रत्येक मजल्यावर एकेक तरी आहेत, ज्यांना सगळे हसून सोडून देतात.

तुझी ट्यूब खिडकीतच आहे, तिचे सीलही फुटलेले नाही. आम्ही दोघे आज रात्री पुन्हा लावणार आहोत, तूही लाव. टॉवेल मात्र परत करू नकोस, तो आता तुझा.