इंजिनाला स्टेनलेसचे बोल्ट टाका म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

पावसाळी मासेमारी बंदी लागली, बोटी वर ओढल्या, इंजिनं खोलायला घेतली आणि हर्णैपासून मालवणपर्यंत परत तोच मेसेज फिरतोय. "खाऱ्या हवेत साधे बोल्ट टिकत नाहीत, इंजिनाला सगळीकडे स्टेनलेस टाका, ते हायटेन्शनपेक्षा (म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादी बोल्टपेक्षा) मजबूत असतात, नाही मिळालं तर 12.9 नंबरचा टाका, नंबर मोठा तेवढा बोल्ट भारी, आणि ऑइल लावून दणकून आवळा." कृपा करून हे वाचून इंजिनाला हात लावू नका.

स्टेनलेस कमी गंजतं, मान्य. पण मजबूत? हायटेन्शन बोल्टच्या डोक्यावर 10.9 लिहिलंय म्हणजे तो साधारण 1000 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला तुटणार आणि त्याच्या 0.9 पट म्हणजे 900 ला कायमचा ताणला जाणार. 8.8 ला हेच आकडे 800 आणि 640. आता दुकानातला नेहमीचा स्टेनलेस बघा, डोक्यावर ए2-70 असतं, तुटायला 700 आणि ताणायला फक्त 450, म्हणजे 10.9 च्या निम्मा. असला बोल्ट कनेक्टिंग रॉडला, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याला, लावला आणि वीस वाव खोल पाण्यात तुटला तर रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो, बोटीवर माणसं असतात हो.

शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट कोरडाच आवळला की आटे एकमेकांना चिकटतात, दोन फेरे नीट जातो आणि मग ना पुढे ना मागे, शेवटी ग्राइंडरनेच कापावा लागतो. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये (बाहेरच्या कवचात) टाकला तर खाऱ्या पाण्यात बोल्ट चकचकीत राहतो आणि भोवतीचं हाउसिंग खाल्लं जातं, पांढरी पावडर दिसते ती तीच. रेलिंगला, डेकवरच्या फिटिंगला खुशाल लावा, तिथे स्टेनलेसच बरं.

12.9 चं उलटं आहे. ताकद खूप, पण इतका कडक पोलाद खाऱ्या ओलाव्यात तडकू शकतो, त्यात वरून झिंक प्लेटिंग केलेला असेल तर प्लेटिंग करताना आत शिरलेल्या हायड्रोजनमुळे आवळून ठेवल्यावर काही तासांनी नुसतं डोकं उडू शकतं, आधी ताणलेला वगैरे काही दिसत नाही. आणि ॲल्युमिनियमच्या आट्यात 12.9 घालून उपयोग काय, जास्त आवळलात तर आधी आटेच निघून येणार.

ऑइलचं तर सगळ्यात वाईट. पाना फिरवायचा बराचसा जोर घर्षणातच जातो, म्हणून ऑइल लावून टॉर्क रेंचवर (मोजून जोर लावायच्या पान्यावर) कोरड्या आट्याचाच आकडा धरलात तर बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. मॅन्युअलमध्ये कोरडं की ऑइल लावून ते दिलेलं असतं. तिथे शेवटी अमुक डिग्री फिरवा असं असेल तर ते बहुतेक ताणले जाणारे सिलिंडर हेडचे बोल्ट असतात, काढले की नवेच घ्यायचे.

काढलेला बोल्ट दुकानात घेऊन जा. डोक्यावरचा नंबर, लांबी, आटे तिन्ही जुळवा, एम10 मध्येसुद्धा (10 मिलिमीटर जाडीचा बोल्ट) दोन आट्यांत 1.5 आणि 1.25 मिलिमीटर अंतर असलेले असे दोन प्रकार सर्रास मिळतात. डोक्यावर नंबर आणि कंपनीची खूण नसलेला हेक्स बोल्ट इंजिनासाठी घेऊच नका.