फिल्टरचे चाळीस रुपये कसे वाचवावेत

आधी अभिनंदन घ्या. बुलेटला फटाका सायलेन्सर लावलात, समोरच्याला आंधळा करणारे दोन एलईडी लावलेत, टाकीवर महाराजांचा स्टिकर, मागं बेळगावच्या केए २२ नंबराखाली 'आईचा आशीर्वाद', सीट कव्हर बदललं, हँडल बदललं, आणि आता मात्र कुठंतरी खर्चाला हात आखडता घ्यायला पायजे म्हणून तुम्ही ऑइल फिल्टरपाशी येऊन थांबलाय. जागा अगदी बरोबर निवडलीत. फिल्टर दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही, आरपीडी कॉर्नरला कट्ट्यावर बसलेलं कुणी 'काय फिल्टर हाय गा तुझा' म्हणून वळून बघत नाही. जे दिसत नाही त्यावर वाचवायचं, घर बांधतानाही आपण हेच करतो की.

तर स्पेअर पार्टच्या दुकानात जायचं आणि गाडीचं मॉडेल सांगायचं. वर्ष सांगायचं नाही, वर्ष विचारणारा दुकानदार उगाच हुशार असतोय, तिथून निघा. चांगला दुकानदार मागं न बघता हात घालतो आणि काउंटरवर तीन बॉक्स ठेवतो. एक कंपनीचा. दुसरा फिल्टरच बनवणाऱ्या एखाद्या माहितीतल्या मेकचा. आणि तिसरा 'त्याच्यासारखाच'. तिसऱ्याचा रंग पहिल्यासारखा, अक्षरं पहिल्यासारखी, नावात तेवढं एक अक्षर इकडचं तिकडं, आणि होलोग्रामच्या जागी एक चमचम करणारा कागद जो कुठूनही बघितला तरी तसाच चमकतो. तुम्ही विचारायचं, फरक काय? मालक म्हणणार, "काय फरक नाही हो, एरडू ओंदे री, वरचा बॉक्स तेवढा वेगळा." झालं. इंजिनिअरिंगचा प्रश्न सुटला, चाळीस रुपये वाचले, चहा प्यायला मोकळे.

बाहेर चहाच्या गाड्यावर मात्र वाद घालायला विसरू नका, आणि वाद पहिल्या आणि दुसऱ्या बॉक्सवरच घालायचा. तिसरा तुमच्या खिशात आहे, त्याचं नावच काढायचं नाही. एका पार्टीनं म्हणायचं की कंपनीचा तो कंपनीचा, दुसऱ्या पार्टीनं म्हणायचं की कंपनीवाले नुसते नावाचे पैसे घेतात. आता बाईक बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या फिल्टर स्वतः बनवत नाहीत, बाहेरून घेतात. माहले, बॉश, एलोफिक, मान असले फिल्टरवालेच वेगळे आहेत, आणि या धंद्यात माल दोन दारांनी बाहेर पडतो, एका दारानं गाडीच्या कंपनीच्या बॉक्समधून, दुसऱ्या दारानं स्वतःच्या. कारखाना एक म्हणजे कागदही एकच असंही नाही बरं का, ज्याची जशी ऑर्डर तसा माल, त्यामुळं दोन्ही पार्ट्यांना थोडं थोडं बरोबर म्हणावं लागतं. पण हे गाड्यावर सांगू नका. वाद संपेल. आपला सीमावादच बघा, महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा, आपल्याकडं वाद म्हणजे घरातलं माणूस असतंय, त्याला असं दोन मिनिटात बाहेर काढत नाहीत.

वॉरंटीचं पण तसंच. सर्विस सेंटरवाल्यानं 'बाहेरचा पार्ट लावला तर वॉरंटी गेली' म्हटलं की मान खाली घालायची, वॉरंटीचं पुस्तक उघडून वाचायचं नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये कॉम्पिटिशन कमिशननं चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड लावला होता, पार्ट उघड्या बाजारात न सोडणं, बाहेरच्या गॅरेजला हात लावला तर वॉरंटी कट करणं असल्या कारणावरून. पुढं अपिलं झाली ते सोडा, आणि ते कारवाल्यांचं होतं, आपण बाईकवाले, आपल्याला काय त्याचं. आपण एकतर सगळं मुकाट मान्य करायचं नाहीतर सरळ तिसरा बॉक्स लावायचा. मधला रस्ता, म्हणजे नक्की काय लावल्यावर काय जातं ते लेखी मागणं, हा पुण्याच्या लोकांचा.

आता एक गोष्ट चुकूनही करू नका. जुना काढलेला फिल्टर हॅक्सॉ ब्लेडनं कापून बघू नका. बघितलात तर झोप जाते. चांगल्या फिल्टरचा कागद सगळीकडनं सारख्या घड्यांचा असतो, वरच्या-खालच्या टोप्यांना डिंक गोल पूर्ण फिरलेला असतो, मधली भोकाची नळी हात फिरवला तर गुळगुळीत लागते. आपल्या चाळीस रुपये वाचवणाऱ्यात घड्या एका बाजूला गर्दी करून बसलेल्या, दुसऱ्या बाजूला काडेपेटीची काडी आरपार जाईल एवढी फट, कागदाची दोन टोकं जिथं चिकटवायची तिथं डिंक अर्ध्यावरच संपलेला, आणि नळीच्या भोकांना पत्र्याचा बर, म्हणजे भोक पाडताना राहिलेली धारदार कड, तसाच. तो बर सुटून कुठं जातो विचारू नका. ऑइलमध्येच जातो, दुसरीकडं जायला त्याला रस्ता आहे कुठं. म्हणजे कचरा अडवायला बसवलेल्या माणसानंच आल्याआल्या स्वतःचा कचरा आत टाकला.

उद्यमबागेत, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, काम करणाऱ्या मंडळींना इथं माझा खास नमस्कार. दिवसभर सीएनसी मशीनवर उभं राहायचं, मायक्रोमीटर लावून लावून बोटाला घट्टा पडलेला, वीस मायक्रॉननं जॉब जास्त गेला तर क्वालिटीवाला लाल पेनानं फुली मारतोय, त्याच्याशी अर्धा तास भांडायचं, आणि संध्याकाळी सहाला शिफ्ट सुटली की त्याच हातानं तिसरा बॉक्स उचलायचा. साध्या फिल्टरचा कागद वीस-तीस मायक्रॉनचा कचरा अडवायलाच असतो हो, ज्या मापासाठी दुपारी भांडलात तेच माप. पण ते कंपनीच्या जॉबचं झालं. गाडी आपली स्वतःची आहे, तिथं चालतंय.

बरं, फिल्टर चोक झाला तर? काळजी नको. त्यासाठी बायपास व्हॉल्व असतो, कुठं फिल्टरमध्येच तर कुठं इंजिनात. कागदातून ऑइल जाईना झालं की तो उघडतो आणि ऑइल न गाळता तसंच आत सोडतो, कारण बेअरिंग कोरडं राहण्यापेक्षा घाण ऑइल बरं असा त्यामागचा हिशोब. इंजिन बनवणाऱ्यानं ही सोय अडचणीच्या वेळेसाठी ठेवली होती. तुम्ही कायमसाठी वापरा. शिवाय बाईकमध्ये तेच एक ऑइल इंजिनला, तेच गिअरला, तेच क्लचला, म्हणजे गिअरचा लोखंडी चुरा, क्लच प्लेटची भुकटी, पिस्टनची काजळी सगळं एकाच ताटात, कारपेक्षा बाईकच्या फिल्टरला काम जास्तच. आपल्याला त्यातलं एकच कळतं, ऑइल काळं झालं का नाही, ते पण दोन बोटात चोळून मेस्त्रीनं सांगायचं.

मेस्त्री कसा निवडावा हेही सांगतो. ज्याच्याकडं टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरल्या जोरानं आवळायचा पाना, नाही आणि जो मॅन्युअलला हसतो, तो. पहिल्या सर्विसिंगला, म्हणजे ५०० ते ७५० किलोमीटरच्या आसपास, नवीन इंजिनातला चुरा सगळ्यात जास्त निघतो म्हणून फिल्टर बदलायला सांगितलेलं असतंय, तिथं त्यानं म्हणायला पायजे, "नवीन गाडीला काय फिल्टर बदलूलास, पैसे जास्त झाले काय?" ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणारी रबरी रिंग, जुनीच बसवायला पायजे, ती चपटी झालेली असली तर अजून चांगलं, आणि त्यावर गळती नको म्हणून बोटभर सिलिकॉन थापायला पायजे. बाहेर आलेला सिलिकॉन पुसला जातो, आत गेलेला ऑइलच्या बारीक वाटेत जाऊन आरामात बसतो. बऱ्याच गाड्यांत फिल्टरची एक बाजू बंद आणि एक बाजू भोकाची असते, कुठली आत आणि कुठली बाहेर ते ठरलेलं असतं, पण तुमच्या मेस्त्रीनं ते तेव्हाच्या मूडवर ठरवावं. उलटा बसला तर ऑइल अडतं आणि हेड कोरडं चालतं, आणि मग तुम्ही जाऊन म्हणायचं, "वरनं टकटक आवाज येऊलाय बगा." तो म्हणणार, ऑइल बदलूया, जरा जाड घालूया.

ज्यांना तिसरा बॉक्स पण जड जातो त्यांच्यासाठी अजून एक जुना उपाय आहे, कागदी फिल्टर पेट्रोलमध्ये धुवायचा, पंक्चरवाल्याकडं जाऊन उलटी हवा मारायची, उन्हात वाळवायचा आणि परत घालायचा. जाळीचा स्ट्रेनर धुतात, तो धुण्यासाठीच असतो. पण जाळी धुता येते तर कागद का नको, हा समतेचा विचार मला फार आवडतो. हवेच्या प्रेशरनं कागदाला कुठं बारीक फाट गेली ते डोळ्याला दिसत नाही, हीच त्यातली सोय. (पेट्रोल मात्र गोव्यातनं आणलेलं वापरा. तिकडं स्वस्त म्हणून चोर्ला घाट चढून-उतरून टाकी फुल्ल करून येणारी माणसं आपल्यात आहेत, येताना पावसात चिखलात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर इंजिन तापवायचं आणि लिटरमागं किती वाचले ते घरात सांगायचं.)

आता स्प्लेंडरवाले. निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही गाड्यावर 'आपण बाबा कंपनीचाच फिल्टर घालतो' असं सगळ्यात मोठ्यानं सांगणारा माणूस हमखास स्प्लेंडरवाला असतो, आणि त्याच्या गाडीत तो कागदी ऑइल फिल्टर नसतोच. तिथं खाली एक जाळी असते आणि उजव्या बाजूला क्लच कव्हरच्या आत क्रँकवर फिरणारी एक वाटी, ती एवढ्या जोरात फिरते की ऑइलमधला जड कचरा कडेला फेकला जाऊन चिकटून बसतो. संकेश्वरला हिरण्यकेशीत किंवा कुठल्याही साखर कारखान्यात कामाला असणाऱ्याला हे सांगायला नको, साखर आणि मळी वेगळी करायचं सेंट्रिफ्यूगल मशीन हेच करतं. फक्त कारखान्यात मशीन पाळीपाळीनं साफ होतं. स्प्लेंडरची वाटी साफ करायला क्लच कव्हर उघडावं लागतं, पॅकिंग नवीन लागतं, मेस्त्रीचा तास-दीड तास जातो, म्हणून गाडी घेतल्यापासून विकेपर्यंत तिला कुणी हात लावत नाही, आत काळा थर वाढत राहतो आणि मालक वर्षाला एकदा 'फिल्टर बदलला' म्हणून सांगतो. मेस्त्रीनं बिलात लावलाय, म्हणजे बदललाच असणार. एअर फिल्टर असेल, पेट्रोलचा असेल, काहीतरी असेल.

डुप्लिकेट ओळखून काय उपयोग, असं पण काही जण विचारतात. खरंच नाही उपयोग. दुसऱ्याचं ट्रेडमार्क चिकटवून माल विकणं हा १९९९ च्या कायद्यानं गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं जेल आहे, पण तुम्ही बिल घेतलेलं नाही, बॉक्स गटारात टाकलाय आणि फिल्टर इंजिनात आहे. पुरावा असा नीट ठेवल्यावर तक्रार करायची कशी? बिल मागितलं तर मालक वर जीएसटी लागेल म्हणतो, आणि चाळीसातले पंधरा तिथंच जातात, म्हणजे सगळा बेतच फसला.

एवढं सगळं व्यवस्थित पार पाडलं की काही हजार किलोमीटरनं इंजिन धूर सोडायला लागतं. बोअर-पिस्टन, क्रँकचं बेअरिंग, लेबर, सगळं मिळून जो आकडा मेस्त्री सिगरेटच्या पाकिटावर लिहून देईल त्याला चाळीसनं भागून बघू नका, उगाच डोकं फिरतंय. त्यापेक्षा गाडी विकून टाका. थंड इंजिनवर गिऱ्हाईकाला दाखवायची नाही, आधी गरम करून ठेवायची, ऑइल जाड, सायलेन्सर फटाक्याचा असल्यामुळं आतला आवाज ऐकूच येत नाही, म्हणजे तो खर्चही वसूल. जाहिरातीत लिहायचं, 'सिंगल हँड, शिक्षकाची गाडी, सर्व सर्विसिंग कंपनीत.' गिऱ्हाईक शक्यतो कोल्हापूरचं बघा, केए २२ वरनं एमएच ०९ करायला त्याला एनओसी लागते, फॉर्म २८ भरावा लागतो, तिकडचा रोड टॅक्स परत भरावा लागतो, एवढं सगळं करून झाल्यावर माणूस गाडी परत द्यायला घाट उतरून येत नाही. फॉर्म २८ मध्ये चेसिस नंबर विचारतात, इंजिन नंबर विचारतात. फिल्टर कुठला घातलाय ते काय विचारत नाहीत.