मासा दाखवतो, जागा नाय

नाशिकच्या माणसाला पगार विचारा, सांगेल. द्राक्षाला काय भाव भेटला विचारा, व्यापाऱ्याला चार शिव्या घालत का होईना पण सांगेल. मिसळ कुठली चांगली हे तर न विचारता सांगेल आणि वर गाडीत बसवून घेऊन जाईल. पण रविवारी संध्याकाळी त्याच्या पिशवीतून माशाची शेपटी बाहेर आलेली दिसली आणि तुम्ही "कुठं लागला?" असं विचारलंत, की त्याच्या चेहऱ्यावर एकदम तलाठी ऑफिसातला भाव येतो आणि तो म्हणतो, "तिकडंच, धरणावर."

आता नाशिक जिल्ह्यात "धरणावर" हा काय पत्ता झाला का राव? गंगापूर आहे, काश्यपी आहे, गौतमी आहे, आळंदी, वालदेवी, दारणा, मुकणे, भावली, वैतरणा, तिकडं दिंडोरीकडं करंजवण नि ओझरखेड, कळवणला चणकापूर, नांदगावला गिरणा. अजून राहिली असतील तर त्या त्या तालुक्याच्या लोकांनी माफ करावं. जिल्ह्यात इतकं पाणी अडवलंय की "धरणावर" म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं, आणि ते त्याला पण माहिती असतं आणि मला पण, कारण मीही तेच उत्तर देतो.

मी गळ टाकणारा माणूस आहे. आमच्या घरातले म्हातारे लोक सशाच्या नि तितराच्या शिकारीच्या गोष्टी सांगायचे, पण १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि तो विषय संपला, बरंच झालं. आणि आता तर बिबट्याच स्वतः चालत गंगापूर रोडच्या सोसायटीत येतो, त्याचा स्पॉट कुणाला विचारावा लागत नाय, सगळ्या ग्रुपवर सीसीटीव्हीचा व्हिडिओच फिरतो. तर शिकार म्हणून आमच्या हातात राहिला तो गळ. तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, गरी म्हणजे हूक, शिशाचा तुकडा, थर्माकोलचा तरंगा आणि कणकेचा गोळा, त्यात चिमूटभर हिंग. एवढ्यावर माणूस अख्खा रविवार घालवू शकतो. आणि हे काय चोरून नाय बरं का, धरणातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमारांच्या सोसायटीकडं असतो, त्यांच्या माणसाला विचारून, तो सांगेल ते पैसे देऊन बसतो. नांदूर मध्यमेश्वरकडं तर बघत पण नाय, ते अभयारण्य आहे, २०२० ला रामसरचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांचा दर्जा मिळालेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, तिथं मासे धरायचा हक्क पक्ष्यांचा आणि ते आपल्यापेक्षा चांगले धरतात.

तर जागेचं एवढं काय, असं बिगरगळवाल्यांना वाटतं. धरणात पाणी आहे, पाण्यात मासे आहेत, कुठं पण बसा. ज्याला असं वाटतं त्यानं एकदा कुठं पण बसून बघावं, संध्याकाळी उठताना कमरेशिवाय काही हाती लागणार नाय.

धरण म्हणजे आधी जमीनच होती ना. तिथं नाले होते, बांध होते, विहिरी होत्या, बाभळी होत्या, ते सगळं पाण्याखाली गेलंय पण गेलंय म्हणजे आहेच तिथं. मे महिन्यात पाणी खाली जातं आणि मागं भेगाळलेला काळा गाळ उघडा पडतो, तेव्हा भर उन्हात टोपी घालून त्या गाळातनं फिरायचं, कुठं जुना नाला वळतो, कुठं खोडं उभी आहेत, कुठं एकदम खोल होतं ते डोक्यात ठेवायचं, आणि मग पावसाळ्यानंतर धरण भरलं की वरून नुसतं सपाट पाणी दिसतं पण आपल्याला खालचं घर माहिती असतं. वर परत मासा कुठला त्यावर सगळं. कटलाचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या पाण्यात खातो. रोहू मधल्या थरात. मृगल तळाला. चिलापी, म्हणजे तिलापिया, ती १९५२ ला बाहेरून आणली आणि तेव्हापासून कुठं नाय असं नाय, ती काठालाच गोळा होते आणि तुमची कणीक फुकट खाऊन जाते. मग वारा. वारा ज्या काठाकडं वाहतो त्या काठाला खाणं ढकललं जातं, मासा मागोमाग. आता एवढा अभ्यास मी दहावीला केला असता तर आज गळ टाकायला स्वतःची बोट असती. आणि हा सगळा अभ्यास कुणी तरी "लोकेशन पाठव ना" असं तीन शब्दांत मागतो. वर अंगठ्याचा इमोजी.

म्हणून आमच्यात खोटं बोलायची एक पद्धत पडलेली आहे. वजन सांगताना वाढवायचं आणि जागा सांगताना धूसर करायचं, हे सगळ्यांना मान्य आहे, त्यात कुणी रागवत नाय. चारा कुठला ते अर्धं खरं सांगायचं, म्हणजे कणीक सांगायची, हिंग खाऊन टाकायचा. वेळ खरी सांगितली तरी चालते कारण पहाटे साडेचारला उठतंय कोण. पण काठ? काठ सांगायचा नाय. काठ विचारला की खोकला येतो, फोन येतो, मला तर एकदा लघवीला जाऊन यावं लागलं.

फोटो हा मोठा घात आहे. मासा लागला की हातात धरून फोटो काढावा वाटतो, आणि काढला की स्टेटसला ठेवावा वाटतो, माणूस आहे शेवटी. मी ठेवला. मस्त रोहू, मागं पाणी, वर थोडं आभाळ. अर्ध्या तासात आमच्या ओळखीतल्या एकाचा मेसेज, हा सातपूरला कंपनीत क्वालिटी कंट्रोलला, म्हणजे बारीक बघायची सवय पगारी, तो म्हणतो मागं अंजनेरी दिसतेय, डावा खांदा इतका उतरता दिसतोय म्हणजे तुम्ही बॅकवॉटरच्या अमुक बाजूला बसलेले. अरे! मासा बघ ना, मासा पुढं आहे! नाशिकच्या माणसासमोर डोंगर लपवणं अशक्य आहे, ब्रह्मगिरी, अंजनेरी, रामशेज, नुसत्या कडेवरनं ओळखतात. तेव्हापासून मी फोटो घरी येऊन काढतो, मोरीत, घमेल्यात मासा आणि मागं गॅसचा सिलेंडर. आता लोकं विचारतात, काय किलोनं आणला.

बरं, नुसता स्वार्थ आहे का? आहे. पण दुसरं पण आहे. रस्त्याला लागून एक चांगली जागा होती, नाव घेत नाय, तिथं दोन-तीन जण गुपचूप बसायचे. मग कुणीतरी रील टाकली, नाशिकमधला छुपा स्वर्ग वगैरे, खाली गाणं. पुढच्या रविवारी तिथं स्पीकर, द्रोण, पत्रावळ्या, चुलीवरची तर्री आणि रिकाम्या बाटल्या. त्याच्या पुढं जाळी लावणारे आले. मग रात्री कुणी जिलेटिन पण फोडलं अशी चर्चा होती, खरं-खोटं देवाला माहिती, पण पाण्यात दारू उडवून मासे मारायला बंदी हा काय कालचा नियम नाय, १८९७ च्या कायद्यात आहे, इंग्रजांनासुद्धा आपला स्वभाव माहिती होता म्हणायचा. आता ती जागा आहे, मासा नाय. छुपा तर काहीच नाय.

हे मी बायकोला समजावलं. ती ऐकते सगळं आणि मग एकच विचारते, "तुम्हाला तरी तुमची जागा कोणी सांगितली?"

गुरं चारणाऱ्या एका बाबांनी. फुकट. मी विचारलं पण नव्हतं, नुसता चुकीच्या ठिकाणी बसलो होतो, त्यांना बघवलं नाय. म्हणले, तिथं काय बसला, त्या पल्याडच्या खोडापाशी जा. मी तंबाखू पुढं केली, ती पण त्यांनी घेतली नाय. तर हा मुद्दा बायकोकडं आहे आणि ती तो जपून वापरते.

यावेळी तिनं तो वापरला साडूंसाठी. आमचे साडू सिडकोत राहतात, वयानं मोठे, देवमाणूस, आमच्या घराच्या कर्जाला जामीन राहिलेले. त्यांनी रिटायरमेंट जवळ आली म्हणून ऑनलाइन रॉड मागवला, रीळ मागवलं, बारा खिशांचं जॅकेट मागवलं, आणि मग मला फोन. "साडूभाऊ, बाकी सगळं झालंय, आता फक्त जागा सांगा."

अनोळखी माणसाला थाप मारणं सोपं आहे. जामीनदाराला मारताना जीभ जड होते. पण मारली. म्हणलं, दारणाला जा. आणि नुसतं दारणा म्हणून भागलं नसतं म्हणून एकदा लग्नाला जाताना गाडीतून दिसलेला एक काठ होता तोच वर्णन करून सांगितला, उंबराचं झाड आहे, पुढं पडकी भिंत आहे, भिंतीच्या उजवीकडं टाका. मी जन्मात तिथं बसलेलो नाय. साडू गेले, ऊन खाऊन आले, काही लागलं नाय. फोनवर काही बोलले नाय, पण मेहुणी बायकोशी बोलली, आणि आमच्या घरात आठवडाभर भाजी अळणी होती.

मग आला भाचीचा साखरपुडा. पंगतीत साडू माझ्या शेजारी, समोर बायको वाढतेय, आणि वाढता वाढता तिनं डोळ्यांनी खूण केली की सांगा. म्हणून मी सांगितलं. सगळं खरं सांगितलं. गंगापूर, बॅकवॉटर, कुठनं आत वळायचं, कुठलं खोड, वारा कुठला पाहिजे, हिंगासकट सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा इतकं खरं बोललो, घास उतरत नव्हता.

साडू हसले. जिलेबी तोडत म्हणले, "वा साडूभाऊ, वा. म्हणजे दारणावरनं मला हलवायचंय तर."

मी शपथ घेतली. ते अजून हसले. त्यांचं लॉजिक असं, की एकदा फसवलेला माणूस दुसऱ्यांदा शपथेवर काही सांगतोय म्हणजे पहिलंच खरं असणार, तिथंच काहीतरी आहे, नाहीतर हा एवढा घाम का गाळतोय. आणि पुढच्या रविवारी ते परत दारणाला गेले. त्याच उंबराखाली. त्याच पडक्या भिंतीच्या उजवीकडं, जी मी इनोव्हाच्या काचेतून बघितली होती.

कटला. हातात धरून फोटो. मागं फक्त सिडकोतल्या घराचा सिलेंडर, म्हणजे तेवढं माझ्याकडनं शिकले. वजन त्यांनी जे सांगितलं त्यातलं थोडं सोडून दिलं तरी मला आजवर लागला नाय असा मासा.

फॅमिली ग्रुपवर नुसता पाऊस पडला. सगळे विचारतात, कुठं लागला, कुठं लागला. आणि साडू, जे आयुष्यभर हिशोबाच्या खात्यात सरळमार्गी नोकरी केलेले, एका माशानं बदलले. त्यांनी उत्तर टाकलं, गंगापूर, बॅकवॉटर, अमुक ठिकाणी आत वळा, अमुक खोड, वारा असा पाहिजे. खाली लोकेशनचा पिन. मी पंगतीत दिलेला पत्ता, शब्दान् शब्द. त्यांच्या मते ती माझी थाप होती ना, मग थाप म्हणून वापरायला तयारच होती. स्वतःची दारणा झाकून ठेवली आणि माझी जागा वाटून टाकली. हिंग मात्र त्यांनी लिहिला नव्हता, एवढी माणुसकी.

मी कुणाला काय सांगणार? ग्रुपवर "ही थाप नाय, खरी जागा आहे, जाऊ नका" असं लिहू?

परवाच्या रविवारी पहाटे गेलो तर माझ्या खोडापाशी चार पोरं. साडूंच्या ऑफिसातली असावीत किंवा त्यांच्या मित्रांची, आता तो पिन कुठं कुठं गेलाय काय माहिती. नवे कोरे रॉड, एकाच्या शर्टाला मागनं गरी अडकलेली, मोबाईलवर गाणी. वारा उलटा, ऊन पडायला लागलेलं, गळ टाकलेले पार कोरड्याच्या जवळ, काही लागायचा संबंधच नाय. त्यातला एक मला बघून उठला, पोरगा संस्कारी होता.

"काका, तुम्ही इथलेच का? इथं लागतं का हो काय? आम्हाला तर सांगितलं लय मासे आहेत."

मी पाण्याकडं बघितलं. खोडाच्या पलीकडं बुडबुडे येत होते, रोहूच असणार.

"इथं?" म्हणलं, "इथं कशाला लागेल रे. सगळी चिलापी आहे. तुम्ही एक काम करा, दारणाला जा. उंबराचं झाड आहे एक, पुढं पडकी भिंत. भिंतीच्या उजव्या बाजूला टाका, कटला आहे, माझ्या घरच्याच माणसाला लागलाय. आणि कणकेत हिंग घाला."

"हिंग?"

"हो. थांब, नंबर दे तुझा, लोकेशन पाठवतो."