जून हाय म्हणे!

लातूरच्या गंजगोलाई बाजारातून मुळ्याची जुडी घेतली, पाल्यासकट, अन् औशाच्या टमटममध्ये बसलो. इथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. शेजारी एक काका येऊन टेकले, धोतर, टोपी, पायाशी खताची रिकामी पिशवी.

"कितीला घेतलाव?"

"वीसला."

"बघू."

बघू म्हणजे बघू, असं मला वाटलं. काकांनी जुडीतला सगळ्यात जाड मुळा उपसला, मधोमध कडकन मोडला, एक डोळा झाकून उजेडाकडं धरला, धोतराला पुसला अन् खाल्ला. अख्खा. निवांत. मग डोळे मिटून म्हणाले, "जून हाय."

मी काही बोलायच्या आत, "एकावरून कळत नसतंय" म्हणत दुसरा उपसला. समोरच्या मावशी म्हणल्या, मामा, बारका बघा की, बारका गोड असतोय. मग बारका. ड्रायव्हर आरशातून विचारतोय, "कसा हाय?" मुळा माझा, पैसे माझे, पण मला कुणी विचारीना!

खाता खाता लेक्चर चालूच. फाल्गुनात ऊन चढलं की मुळा तिखट होतंय, आतून पोकळ पडतंय, उन्हात लावायचा तर पुसा चेतकी वाण लावावं, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढावं, पाण्याची पाळी चुकवू नये. बोलणं सगळं बरोबर होतं, हाच तर खरा वैताग. पाण्याची पाळी म्हणं! २०१६ च्या एप्रिलात लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं, ते घागरी घेऊन उभं राहिलेलं गाव आहे हे, इथं मुळ्याची पाळी कोण सांभाळतंय? ज्यानं कुणी सांभाळली त्याला जुडीमागं किती सुटले असतील ते विचारायची सोय नाही, अन् आपण वीस रुपयालाबी घासाघीस करतो.

खरं सांगायचं तर मला मुळ्यापेक्षा पालाच पाहिजे होता. बारीक चिरायचा, भिजवलेली मुगाची डाळ, लसणाची फोडणी, अन् झाकण ठेवायचं नाही, नाहीतर वास भाजीतच कोंडतो. सोबत ज्वारीची भाकरी. मुळ्याचं काय, किसून मीठ चोळून ठेवला की पाण्यासोबत तिखटपणा उतरतो, वरून दही, कूट, मिरचीची फोडणी. ते पाणी लोक फेकून देतात, काय म्हणावं, कणीक मळा की त्यात! डिंगऱ्यांचा, म्हणजे मुळ्याच्या शेंगांचा, विषय तर काढतच नाही, बेसन लावून केलेल्या डिंगऱ्या खाल्ल्या नसतील त्यांच्याशी माझं बोलणंच नाही.

तर औसा आलं. काका उतरले, अन् उतरता उतरता पाल्याचा गठ्ठा पिळून तोडला. "तुम्ही थोडीच खाताव, शेळीला होतंय." खताची पिशवी कशासाठी होती ते तेव्हा कळलं. मावशींनी मान डोलावली. ड्रायव्हरनं माझ्याकडून भाडं घेतलं, काकांकडून नाही, ते म्हणे रोजचेच.

घरी पिशवी उघडून बायको म्हणाली, "पाला कुठंय?" मी म्हणालो, शेळीला. पुढचं इथं लिहित नाही. राहिलेल्या दोन मुळ्यांची कोशिंबीर झाली, एक घास घेतला.

कोवळा होता हो! लुसलुशीत!