म्हणे ‘स्टिकर गोळा करायची सहल’!

ताईनं काल एक फॉरवर्ड पाठवला. खाली लिहिलंय, “म्हणून मी याला पुण्याच्या संमेलनाला पाठवत नाही.” हा म्हणजे माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. फॉरवर्डचं म्हणणं असं: मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची (ज्याचा कोड कुणीही बघू-बदलू शकतो ते) संमेलनं म्हणजे टी-शर्ट आणि स्टिकर गोळा करायची सहल, लिनक्स (संगणक चालवणारी मुक्त प्रणाली) ई-मेलवरच घडला, कोरोनात काही अडलं नाही, माणसाची ओळख कोडवरून पटते, बाकी पैशांचा चुराडा.

लिनक्सचं अर्धं खरं आहे. पॅच, म्हणजे कोडमधले बदल, आजही ई-मेलनंच जातात. पण तेच कर्नलवाले, म्हणजे लिनक्सचा गाभा लिहिणारे, 2001 पासून मुद्दाम एकत्र बसत आलेत, ते का गाळलं? कोरोनात डेबियनचं (लिनक्सवर बेतलेली एक प्रणाली) संमेलन दोन वर्षं ऑनलाइन झालं. 2022 ला मंडळी कोसोवोत जमली, 2023 ला आपल्या कोचीत. अडलं नव्हतं, तर गेली कशाला?

‘ओळख कोडवरून पटते’ हे मात्र घातक आहे. एक्सझेड हे फाइल दाबून लहान करणारं साधन, बहुतेक लिनक्समध्ये असतंच. सांभाळणारा एकटा, बिनपगारी, थकलेला. ‘जिया टान’ नावानं कुणीतरी दोनेक वर्षं चांगले पॅच पाठवत राहिलं. आणखी काही अनोळखी नावांनी लकडा लावला, की जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती दे. त्यानं जिया टानला कामात वाटेकरी केलं. 2024 मध्ये 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला. एसएसएचनं, म्हणजे दूरच्या संगणकात शिरायच्या साधनानं, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला खटकलं म्हणून जग वाचलं. जिया टान कोण, हे आजही उघड झालेलं नाही. कोड तर छान होता की!

भेटीत जिया टान पकडला गेलाच असता असं नाही. खोटं ओळखपत्र घेऊनही कुणी येईल. पण “दमलायस, थोडं मी बघतो” म्हणणारी चार ओळखीची माणसं पाठीशी असती, तर त्या बिनचेहऱ्याच्या नावांना तो एकटा सांभाळणारा इतका बधला नसता असं मला वाटतं. डेबियनमध्ये डेव्हलपर व्हायला तुमच्या कीवर (तुमची ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) सहसा दोन जुन्या डेव्हलपरच्या सह्या लागतात, समोरासमोर ओळखपत्र बघून केलेल्या. संमेलनात हे काम एका दुपारी उरकतं.

पैशांचं म्हणाल तर ब्रसेल्सच्या फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या संमेलनाला ना फी, ना नावनोंदणी. डेबियन गरजूंना प्रवासखर्चही देतं. व्हिसा न मिळालेले, घरी तान्हं मूल असलेल्या बाया मागे राहतात, हे खरंच आहे; त्यांच्यासाठी थेट प्रक्षेपण हवंच.

ताई, त्याला शुक्रवारी रात्रीच्या गाडीत बसव. सकाळी स्टेशनवर मी येतो.